वांड, घुमं, आगाऊ: शिक्का मारण्याआधी वर्गात काय करावं

स्टाफरूममध्ये मुलांना नावं फार लवकर पडतात. हा वांड, ती घुमी, तो लाडावलेला, ती आगाऊ. एकदा पडलेलं नाव हजेरीपटाबरोबर पुढच्या इयत्तेत जातं आणि नवीन मॅडम पहिल्याच दिवशी त्या नजरेने बघायला लागतात. पण नाव कळल्यामुळे उद्या तिसऱ्या तासाला काय करायचं, हे काही कळत नाही. खाली लिहिलंय ते त्या तिसऱ्या तासासाठी आहे.

हे इंदूरच्या वर्गशिक्षकांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठी आहे, तसंच रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर अशा भागांतल्या मराठी घरांसाठीही. इथलं मूल घरी आजीशी मराठी बोलतं, बसमध्ये हिंदी आणि वर्गात इंग्रजी. मनातलं सांगायची वेळ आली की या तिन्हींपैकी कोणती भाषा वापरायची, इथेच ते अडतं.

आधी वही

कोणत्याही मुलाबद्दल मत बनवण्याआधी शाळेचे दहा दिवस नोंदी ठेवा. पानावर चार रकाने पाडा: वेळ आणि जागा, त्याच्या लगेच आधी काय झालं, मुलाने काय केलं, आणि त्यानंतर लगेच काय झालं. एका नोंदीला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागत असेल, तर तुम्ही निबंध लिहिताय.

तिसऱ्या रकान्यात डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं तेवढंच. ‘उद्धटपणा केला’ ही नोंद नव्हे. ‘वही काढ म्हटल्यावर वही खाली टाकली, म्हणाला, नहीं करूँगा’ ही नोंद झाली. चौथा रकाना बहुतेक जण मोकळा सोडतात आणि उत्तर बहुधा तिथेच असतं.

समजा, पाचवीतल्या एका मुलाच्या चौदा नोंदी झाल्या. त्यातल्या नऊ गणिताच्या तासाच्या, शाब्दिक उदाहरणं सुरू झाल्यावर पाच मिनिटांच्या आतल्या. चौथ्या रकान्यात नऊही वेळा एकच गोष्ट: वर्गाबाहेर उभं केलं. म्हणजे त्याला उदाहरणं नको होती आणि ती टळली. आपण जिला शिक्षा म्हणतो, ती त्याची सुटका होती. इथे धाक वाढवला तर दंगाही वाढेल. त्याला उदाहरण वाचता येतं का, हे एकट्याला जवळ बसवून बघा. वाचनातच अडत असेल तर उदाहरण तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, पाचऐवजी दोनच द्या, आणि ‘मदत हवी’ हे सांगायला बाकावर ठेवायचं एक लाल कार्ड द्या. दंगा करून जे मिळत होतं ते कार्डाने मिळायला लागलं, की दंग्याची गरज कमी होते.

वर्तनामागे बहुतेक वेळा चारांपैकी एखादं कारण सापडतं: लक्ष हवं असणं, काम टाळायचं असणं, एखादी वस्तू किंवा जागा हवी असणं, किंवा शरीरालाच काही हवं असणं, जसं की हलणं, पेन्सिल चावणं, आवाज काढणं. लक्षासाठी दंगा करणाऱ्याला वर्गासमोर रागावणं म्हणजे त्याला हवं तेच देणं. काम टाळणाऱ्याला बाहेर काढणं हाही तोच प्रकार. एकच शिक्षा दोघांना लावली की दोघंही बिघडतात, आणि मग ‘याला काहीच फरक पडत नाही’ असं आपण म्हणतो.

नोंदवहीत तीन चुका हमखास होतात. नोंद संध्याकाळी आठवून लिहिली जाते. फक्त वाईट दिवस लिहिले जातात, त्यामुळे मूल शांत कधी असतं हे कळतच नाही. आणि वही टेबलावर उघडी राहते, मग शेजारचं मूल ती वाचतं. वही कपाटात ठेवा, मुलाचं नाव न लिहिता एक खूण लिहा.

याच दहा दिवसांत शरीराकडेही बघून घ्या. नजर, कान, झोप, हिमोग्लोबिन. फळा नीट न दिसणारं मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं आणि ‘खोड्या काढणारं’ ठरतं. कान फुटलेलं मूल ‘लक्ष न देणारं’ ठरतं. झोपेचा हिशेब घरच्यांकडून घ्या: सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास लागतात, तेरा ते अठराला आठ ते दहा. सकाळी साडेसहाची बस आणि भंवरकुआँच्या कोचिंगमधून रात्री नऊला घरी, असा दिवस असेल तर त्यात झोपेचे आठ तास बसवणं अवघड. अशा मुलाची चिडचिड समुपदेशनाने जाणार नाही.

घरी बडबड, शाळेत चिडीचूप

या शहरातल्या मराठी घरांना हा भाग नीट माहीत हवा, कारण इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. कधी साध्या गोष्टीचा बाऊ होतो, कधी खऱ्या त्रासाकडे ‘लाजाळू आहे, होईल मोठी’ म्हणून दुर्लक्ष होतं.

नर्सरीत आलेलं, घरी फक्त मराठी ऐकलेलं मूल पहिले काही आठवडे, कधी काही महिने, नुसतं ऐकतं. ते खेळतं, खुणेने सांगतं, सांगितलेलं करतं, डबा खातं. हे भाषा शिकण्याचंच एक पाऊल आहे. त्यासाठी घरातली मराठी बंद करायची काही गरज नाही. कोणी तसा सल्ला दिला तर मानू नका. घरची भाषा बंद केली की मुलाचं आजीशी बोलणं तुटतं आणि शाळेतली भाषा त्याने लवकर येत नाही.

वेगळी अवस्था अशी: मूल घरी धबधब्यासारखं बोलतं, पण शाळेत महिन्याहून जास्त काळ एक शब्द नाही, आणि हा महिना मोजताना शाळेचा पहिला महिना धरायचा नाही. भाषा आता कळते, तरी बोलायची वेळ आली की चेहरा थिजतो, मान आखडते, शू लागली तरी सांगत नाही. हा हट्ट नसतो. भीतीने आवाज अडकतो. अशा मुलाला ‘बोल ना, मैम को बताओ’ म्हणून वर्गासमोर उभं करणं हा सगळ्यात मोठा अपाय.

उपाय हळू आहे पण चालतो. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आई किंवा बाबांनी मुलाबरोबर पंधरा मिनिटं खेळावं, मराठीत. शिक्षिका त्या वेळी दाराबाहेर. मूल नेहमीच्या आवाजात बोलत राहिलं की पुढच्या वेळी शिक्षिका दारात, मग आत पण पाठमोरी काही काम करत, मग दोन बाकं सोडून बसलेली, मग खेळात. आठवड्यात तीन वेळा जमलं तर उत्तम. आवाज बंद पडला की एक पायरी मागे यायचं. शिक्षिकेसमोर बोलणं जमलं की आई हळूहळू बाहेर सरकते आणि एक मैत्रीण आत येते. पहिला शब्द निघाला की टाळ्या वाजवू नका. खेळ चालू ठेवा. टाळ्यांनी सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे जातं आणि तिला भीती त्याचीच असते. दोन महिन्यांत काहीच हललं नाही तर मानसशास्त्रज्ञाकडे जावं.

मोठ्या मुलांची अडचण निराळी. ‘उदास वाटतंय’ असं आपली मुलं सहसा म्हणत नाहीत. ती म्हणतात, ‘कसंतरी होतंय’, ‘कंटाळा आलाय’, ‘पोटात दुखतंय’, ‘मन नहीं लग रहा’. एकटा ‘कंटाळा’ हा शब्द थकव्यापासून खोल निराशेपर्यंत सगळं झाकतो. म्हणून नुसतं ‘काय झालं?’ विचारून थांबू नका. ‘हा कंटाळा दिवसभर असतो की कामापुरता? क्रिकेटलाही येतो? रात्री झोप लागते?’ असं विचारा. समुपदेशक हिंदी बोलणारे असले तरी मुलाला सुटेल त्या भाषेत बोलू द्या. अडलेला शब्द समजून घेता येतो, पण भाषा निवडताना थांबलेलं मूल पुन्हा तोंड उघडेलच असं नाही.

वर्गाची घडी

बहुतेक त्रास इथेच आटोक्यात येतो. मध्य प्रदेशात सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, मग उन्हाळ्याची सुट्टी येते आणि जूनमध्ये शाळा पुन्हा उघडते. म्हणजे घडी दोनदा बसवावी लागते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिले दहा दिवस अभ्यासक्रम मागे पडेल म्हणून धावू नका. ते दिवस सवयी शिकवायला द्या, वर्षभर तास वाचतात.

दारात उभं राहा. प्रत्येक मुलाला नावाने हाक, एक नजर. कोण रडून आलंय, कोण झोपेत आहे, हे त्या एका मिनिटात कळतं. फळ्यावर चार मिनिटांचं सोपं काम आधीच लिहिलेलं असावं, म्हणजे आत येणाऱ्याला काय करायचं ते माहीत असतं. वर्गातली निम्मी भांडणं हातात काम नसलेल्या या मिनिटांत उगवतात.

नियम तीन किंवा चार, आणि ‘करू नका’ऐवजी ‘करा’ या शब्दांत. ‘ओरडू नका’पेक्षा ‘हात वर करून बोला’. सूचना एका वेळी एकच, मुलाजवळ जाऊन, हळू आवाजात, आणि प्रश्नाच्या रूपात नको. ‘वही काढशील का?’ याला ‘नाही’ असं उत्तर असू शकतं. ‘निखिल, गणिताची वही काढ’ म्हणा आणि मनात पाचपर्यंत मोजा. या पाच सेकंदांत दुसरं वाक्य बोललात की पहिलं पुसलं जातं.

शाबासकी नेमकी हवी. ‘गुड बॉय’ने मुलाला काही कळत नाही. ‘धक्का लागला तरी तू उलट मारलं नाहीस, मी बघितलं’ हे त्याला कळतं आणि घरी जाऊन तो सांगतो. वर्गात वांड ठरलेल्या मुलाला दिवसभरात किती वेळा टोकलं आणि किती वेळा चांगलं म्हटलं, हे एक दिवस उजव्या आणि डाव्या खिशात खडे टाकून मोजा. बहुतेक शिक्षक आकडा बघून हबकतात. टोकण्याच्या निदान तिप्पट चांगलं म्हणणं, हे उद्दिष्ट ठेवा.

ज्या मुलाशी तुमचं बिनसलंय, त्याच्याशी सलग दहा दिवस रोज दोन मिनिटं अभ्यास सोडून बोला. सायकल, कुत्रा, सराफ्यात खाल्लेला भुट्ट्याचा कीस, काहीही. पहिले तीन-चार दिवस तो खांदे उडवेल, तरी थांबू नका. फक्त या दोन मिनिटांत उपदेश आला तर सगळं पाण्यात.

घुमं मूल या सगळ्यातून निसटतं. ते त्रास देत नाही, म्हणून दिसत नाही. दर शुक्रवारी हजेरीपट घेऊन बसा आणि या आठवड्यात ज्या मुलांशी एकही वाक्य बोलला नाहीत त्यांच्या नावापुढे टिंब करा. सलग दोन आठवडे टिंब आलं तर सोमवारी पहिली हाक त्याला.

आणि मारणं, उठाबशा, मुर्गा बनवणं, वर्गासमोर गुण वाचून लाज काढणं: हे सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १७ने सरळ मना केलं आहे, त्यात मानसिक छळही येतो. कायदा बाजूला ठेवला तरी मार खाल्लेल्या मुलाला पकडलं न जाण्याची कला येते, एवढाच त्याचा परिणाम असतो.

कोणाला जास्त मदत लागेल

वर्गाची घडी बसल्यावरही काही मुलं उरतात. त्यांना ओळखायला दोन प्रश्न पुरतात: बदल किती दिवस टिकला, आणि त्याने काय काय अडलं. दोन आठवड्यांहून जास्त उदासी किंवा चिडचिड, आवडत्या खेळातूनही मन उडणं, झोप-भुकेत फरक, गुण एकदम घसरणं, मैत्रिणींपासून तुटणं, हातावरच्या जखमा लपवायला उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या घालणं. चंचलपणाबद्दल घाई नको. तो सहा महिन्यांहून जास्त, घरी आणि शाळेत दोन्हीकडे, आणि बारा वर्षांच्या आधीपासून दिसत असेल तरच तपासणीचा विचार होतो. फक्त एकाच सरांच्या तासाला मूल उड्या मारत असेल, तर तो तास तपासा.

चार ते सतरा वयासाठी २५ प्रश्नांची एक ताकद-अडचण प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती पालक आणि शिक्षक वेगवेगळी भरतात, अकरा वर्षांपुढे मूल स्वतःही भरतं. ती चाळणी आहे, निदान नव्हे. तिच्यावरून कोणाला आजाराचं नाव द्यायचं नाही.

घरच्यांना बोलावताना फोनवर ‘तुमच्या मुलाची तक्रार आहे’ असं म्हटलं की आई घरून वकील होऊन येते. म्हणा, ‘ताई, ओंकारबद्दल दोन गोष्टी बोलायच्या आहेत. एक मला खूप आवडलेली आहे, एकाबद्दल तुमची मदत हवी आहे. बुधवारी तुम्ही आणि दादा दोघं याल का?’ भेटीत आधी चांगलं सांगा, मग वहीतल्या दोन नोंदी वाचा, विशेषणांशिवाय. मग विचारा, ‘घरी कसा असतो?’ आणि गप्प बसा. एकत्र कुटुंबात दुपारी मूल आजी-आजोबांकडे असतं, त्यांना वगळून ठरलेली योजना संध्याकाळी पाच वाजता मोडते. त्यांनाही बोलवा. ‘आमच्या वेळी असं काही नव्हतं’ हे वाक्य येईलच. त्यावर वाद नको, ‘आजोबा, तुमचं तो ऐकतो, म्हणून तुमच्यावरच एक काम सोपवायचंय’ म्हणा.

मग त्या मुलासाठी रोजचं कार्ड. पोस्टकार्डाएवढा कागद, दोनच उद्दिष्टं, दिसतील अशी: ‘सांगितल्यावर मिनिटाच्या आत सुरुवात’, ‘हात स्वतःजवळ’. प्रत्येक तासाला शिक्षक ०, १ किंवा २ लिहितात. सकाळी एका ठरलेल्या माणसाला दोन मिनिटं भेटायचं, सुटताना पुन्हा. पहिल्या आठवड्यात एकूण गुणांच्या निम्म्याला बक्षीस, जमलं की हळूहळू ऐंशी टक्क्यांपर्यंत चढवायचं. बक्षीस पैशाचं नको. बाबांबरोबर राजवाड्यापर्यंत फेरी, रात्रीचं जेवण काय ते निवडणं, पंधरा मिनिटं कॅरम. कमी गुण आले तर घरी मार किंवा बोलणी नाहीत, हे आधी पालकांकडून कबूल करून घ्या. नाहीतर तिसऱ्या दिवशी कार्ड हरवतं.

सुरुवातीला नको असलेलं वर्तन काही दिवस वाढतं. जे इतके दिवस चालत होतं ते चालेनासं झालं की मूल आणखी जोर लावून बघतं. बहुतेक योजना याच दिवसांत सोडल्या जातात. सहा आठवडे तरी चालवा, मग ठरवा.

भडका उडतो तेव्हा

भडका एकदम उडत नाही. पाय हलायला लागतो, पेन आपटतं, श्वास वर येतो, तोंडातल्या तोंडात पुटपुट सुरू होते. या टप्प्यावर मुलाला ऑफिसमध्ये रजिस्टर द्यायला पाठवलं, पाणी प्यायला सोडलं, तर पुढचं टळतं. एकदा भडकल्यावर शब्द आत जात नाहीत. समजावणं बंद करा, आवाज खाली घ्या, दोन हात अंतर ठेवा, थेट समोर उभं न राहता थोडं तिरपं उभं राहा, दार अडवू नका. प्रेक्षक हलवा: एका मुलाला बाहेर ओढत नेण्यापेक्षा चाळीस मुलांना मैदानात नेणं सोपं आणि सुरक्षित असतं. चार-पाच शब्द पुरे: ‘मी इथेच आहे. घाई नाही.’ शरीराला धरायचं ते फक्त कोणाला इजा होत असेल तरच.

शांत झाल्यावर लगेच चौकशी नको. निदान अर्धा तास, पाणी, साधं काम. मग तीन प्रश्न: काय झालं, तेव्हा तुला काय हवं होतं, पुढच्या वेळी काय करून बघशील. तोडलेलं जोडणं, सांडलेलं पुसणं हे त्याने तुमच्या मदतीने करायचं.

सकाळचं पोटदुखीचं प्रकरण

सोमवारी सातला पोटात कळ, अकराला पोहे मागितले, रविवारी काहीच नाही. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हटलं की हे शाळेच्या भीतीचं पोट. दुखणं खोटं नसतं, भीतीने खरंच दुखतं. ‘नाटकं करू नकोस’ म्हणू नका. तसंच ‘राहा आज घरी’ही म्हणू नका, कारण घरी राहिलेल्या प्रत्येक दिवसाने उद्याची शाळा आणखी अवघड होते.

घरी राहिलंच तर शाळेच्या वेळात मोबाइल, टीव्ही, लाड बंद. पहिल्या दोन दिवसांतच शाळेशी बोला आणि पायऱ्या ठरवा: एक दिवस फाटकापर्यंत, मग ग्रंथालयात एक तास, मग आवडत्या विषयाचे दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. सोडायला शक्यतो ते माणूस जावं ज्याला सोडताना गहिवरून येत नाही. निरोप एका वाक्याचा. आणि भीती कशाची ते शोधाच. बसमधला एखादा मोठा मुलगा, घाण स्वच्छतागृह, वाचून दाखवायला लावणारे सर, किंवा घरात आजारी पडलेली आई, जिला एकटं सोडून जायला मूल घाबरतं.

चिडवणं आणि दादागिरीचा ठिकाणा शोधायला शाळेचा साधा नकाशा छापून वाटा. मुलांनी नावाशिवाय सुरक्षित जागा हिरव्या, भीतीच्या जागा लाल करायच्या. लाल ठिपके बहुधा जिना, स्वच्छतागृह, बसची मागची सीट इथे जमतात. तिथे मधल्या सुट्टीत एक मोठं माणूस उभं केलं तरी प्रकार पुष्कळ कमी होतात. छळणारा आणि छळलेला यांना समोरासमोर बसवून ‘हात मिळवा’ करू नका. दोघांत ताकद समान नसते, आणि त्या खोलीबाहेर पडल्यावर त्याची किंमत छळलेल्यालाच मोजावी लागते. वेगवेगळं बोला, आणि छळ झालेल्या मुलाला तीन आठवडे दर दोन दिवसांनी विचारत राहा.

‘जीव नको झालाय’

हे वाक्य आपल्या घरांत सहज बोललं जातं, म्हणूनच ते कानावरून निसटतं. मुलाच्या तोंडून आलं, चित्रात आलं, वस्तू वाटून टाकणं सुरू झालं, एकदम निरोपासारखं बोललं, तर सरळ विचारा: ‘मरून जावं असं मनात येतं का?’ विचारल्याने विचार डोक्यात घातला जातो, हा समज चुकीचा आहे. विचारल्यावर बहुतेक मुलांना हायसं वाटतं. ‘हो’ आलं तर दचकू नका, उपदेश करू नका, ‘आई-बाबांचा विचार केलास का’ म्हणू नका. ‘सांगितलंस ते फार बरं केलंस. आता तू एकटा नाहीस’ म्हणा. कधीपासून, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, हे विचारा.

मग मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. ‘कोणाला सांगणार नाही’ हे वचन द्यायचं नाही. ‘तुला सुरक्षित ठेवायला जेवढ्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच सांगेन’ हे सांगायचं. पालक येईपर्यंत एक माणूस शेजारी. घरी औषधं आणि विषारी वस्तू त्याच दिवशी कुलपात किंवा घराबाहेर. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ वर चोवीस तास, मोफत, मराठीतही आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. इंदूरमध्ये एमवाय रुग्णालयात आणि बाणगंगेच्या शासकीय मानसिक रुग्णालयात मानसोपचार मिळतो. नाव ऐकून घरचे बिचकतील, तेव्हा त्यांच्याबरोबर शाळेतलं कोणीतरी जावं. औषध द्यायचं की नाही ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात. बोलून उपचार आणि चाचण्या यांसाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ शोधा, आणि नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको.

लैंगिक अत्याचार कळला तर शाळेने आपली चौकशी समिती बसवून वेळ घालवायचा नाही. पॉक्सो कायदा २०१२च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. मुलाला एकदा, त्याच्या शब्दांत सांगू द्या, ते शब्द जसेच्या तसे लिहा, आणि पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांप्रमाणे १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा प्रशिक्षण हवं. कोचिंग संस्थांनाही हे लागू आहे, आणि गुणांवरून बॅचेस पाडणं, सगळ्यांसमोर लाज काढणं यालाही त्यात मनाई आहे. पालकांनी फीची पावती घेताना याबद्दल जरूर विचारावं.

बोर्डाच्या निकालाच्या दिवशी शाळेचा एक फोन सकाळी आठ ते रात्री दहा चालू ठेवा आणि काठावरच्या मुलांना निकाल लागल्याच्या तासाभरात तुम्हीच फोन करा, ते करतील याची वाट बघू नका. एमपी बोर्डाने २०२५ पासून आणि सीबीएसईने दहावीसाठी २०२६ पासून दुसऱ्या परीक्षेची सोय केली आहे. ही माहिती निकालाआधी, फेब्रुवारीत, आई-बाबांसमोर सांगून ठेवा. निकालाच्या दुपारी ती कोणाच्या डोक्यात शिरत नाही.

परत आल्यावर

रुग्णालयातून किंवा लांब सुट्टीवरून मूल परत येतं, त्याच्या आदल्या दिवशी पंधरा मिनिटांची भेट ठेवा: मूल, आई-बाबा, वर्गशिक्षक, समुपदेशक. चार गोष्टी कागदावर ठरवा. फाटकाशी कोण घ्यायला येईल. ‘इतके दिवस कुठे होतीस?’ विचारणाऱ्याला ती काय सांगेल, तिच्याच शब्दांत. बुडालेल्या अभ्यासातलं काय माफ आणि काय कधीपर्यंत. आणि वर्गात जीव घाबरा झाला तर न विचारता कोणत्या खोलीत जाऊन बसायचं. त्या खोलीची किल्ली शिपाईकाकांकडे नको, दार उघडं ठेवा. पहिला आठवडा अर्धा दिवस चालेल. गृहपाठाची वही पहिले तीन दिवस मागायची नाही, हे सगळ्या विषयांच्या शिक्षकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.